परवलीचा शब्द

काल सकाळी शेजारच्या दारातून काळ्या बूटपॉलिशचा वास आला आणि हातातला चहा निवून जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले. शेजारची मुलगी शाळेच्या संचलनासाठी बूट चमकवत जिन्याच्या पायरीवर बसली होती. जुन्या मोज्याचा बोळा, उघडी चपटी डबी, आणि मेण, काजळी, टर्पेंटाइन यांच्या मिश्रणातून उठणारा तो दाट, किंचित कडवट दरवळ. सुगंधांची पंगत मांडायची झाली तर आपण केवड्याला, सुरंगीला, आंब्याच्या मोहराला मानाचा पाट देतो. बूटपॉलिशला त्या पंगतीत कुणी बसवणार नाही. पण वासाची थोरवी त्याच्या गोडव्यात नसते, तो आपल्याला कुठे नेऊन सोडतो त्यात असते. मला त्याने थेट रेवदंड्याच्या कोटाबाहेरच्या एका ओट्यावर नेऊन सोडले. तिथे एक माणूस मांडी घालून बसला आहे, डाव्या हातात बूट बसवला आहे, आणि उजव्या हाताने तो त्यावर इतक्या हळुवारपणे फडके फिरवतो आहे, जणू झोपलेल्या मुलाच्या कपाळावरचा घाम टिपतो आहे.

आम्ही त्यांना फौजीकाका म्हणत असू. आमची नारळी-पोफळीची वाडी कोटाच्या आत, त्यांचे घर वेशीच्या जरा बाहेर. शाळेची वाट त्यांच्या ओट्याला लागूनच जाई. वर्षातून एकदा ते सुट्टीवर येत. काळी लोखंडी ट्रंक ओटीवर टेकली की गल्लीभर डांबराच्या गोळ्यांचा, लोकरीचा आणि पॉलिशचा परका, थंड वास पसरे. खाडीवर सुकत घातलेल्या मासळीच्या खारट वासात तो वास मिसळत नसे. पाण्यावर तेल तरंगावे तसा वेगळा राही. सुट्टीत त्यांना कुठल्याही कवायतीला जायचे नसे. तरीही रोज सकाळी बूट बाहेर निघत, पॉलिश होत, उन्हात जरा वेळ ठेवले जात आणि पुन्हा आत जात. ते पायांत घालून काका कुठे गेल्याचे मला आठवत नाही. गावात ते चपलांवरच हिंडत.

आम्हा मुलांना त्यांच्याकडून लढाईच्या गोष्टी हव्या असत. बर्फाची शिखरे, बंदुका, शत्रूची चौकी, यांची आम्ही वाट पाहत असू आणि काका म्हणत, "थंडी होती." त्यापुढे काही नाही. फार आग्रह केला तर, "लई थंडी होती." मात्र स्वतःच्या उनाडपणाच्या गोष्टी ते न मागता सांगत, आणि रंगवून सांगत. कोटाच्या पडक्या तटावर त्यांच्या टोळक्याची बैठक असे. पोर्तुगिजांनी समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी बांधलेल्या त्या भिंतीवर बसून ही मंडळी दिवस मावळेपर्यंत पत्ते खेळत, रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याची नक्कल करत, पलीकडच्या तीरावर माडी कुणाकडे ताजी उतरली याची चौकशी ठेवत. काकांच्या नकला सगळ्यांत सरस. ते बोलू लागले की तट हसून हसून आणखी ढासळे, असे गावात म्हणत. सांगता सांगता काका थांबत, फडक्याची घडी बदलत आणि म्हणत, "हसवण्यात गेली सगळी वर्षं." ते वाक्य हसण्यावारी नेण्याइतकी मी तेव्हा लहान होते.

आमच्या किनाऱ्यावर 'भरती' या शब्दाची एक गंमत आहे. समुद्राची भरती न चुकता येते. ती चुकवू म्हटले तरी चुकत नाही, पायाखालची वाळू ओली करून जाते. काकांची भरती मात्र वर्षातून एकदा येई, आणि काका ती नेमाने चुकवत. एका वर्षी आदल्या दिवशी कबड्डीच्या सामन्यात पाय मुरगळला. पुढच्या वर्षी मित्राच्या लग्नाच्या वरातीत नाचण्याची जबाबदारी अंगावर होती. त्याच्या पुढच्या वर्षी सारे जमून आले होते. फक्त सकाळी जाग आली नाही. "फौज काय पळून जाते का?" असे टोळके म्हणे आणि काकांना ते पटे. वयाची अट संपायला आली तेव्हा, अगदी शेवटच्या वेळेस, ते मैदानावर जाऊन धावले आणि घेतले गेले. हे सारे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्या चुकलेल्या भरत्यांबरोबर ओसरून काय गेले, ते मात्र मला फार उशिरा कळले.

आणखी एक गोष्ट मी लहानपणी पाहिली होती. सुट्टी संपून काका निघत तेव्हा खांद्यावर ट्रंक घेऊन उंबऱ्याशी क्षणभर थांबत. त्यांची आई आतून म्हणे, "येतो म्हण रे." काका मान हलवत, चौकटीला हात लावत आणि पायरी उतरत. शब्द येत नसे. आम्ही मुले शाळेला जाताना ओट्यावरून ओरडत असू, "येते हां काका!" त्यावर सगळे जग जिथे 'ये' म्हणते, तिथे काका म्हणत, "सांभाळून." मला वाटे, ही फौजेची रीत असेल.

पुढे कवितेच्या वाटेने जाताना शब्दांशी माझी सलगी वाढली तसे लक्षात आले, की आपल्या भाषेने निरोपासाठी स्वतंत्र क्रियापद ठेवलेलेच नाही. आपण निघतो आणि म्हणतो 'येतो'. पाठ फिरवत असताना परतण्याची भाषा बोलतो. 'जातो' हा शब्द उंबऱ्यावर उच्चारला, की घरातले मोठे माणूस जीभ चावायला सांगते, कारण त्या क्रियापदावर आपण आधीच दुसऱ्या एका प्रवासाचे नाव कोरून ठेवले आहे. आणि ज्याला आपण मागे सोडून जातो, तो त्या 'येतो'ला 'ये' असे उत्तर देतो, म्हणजे व्यवहार पुरा होतो. इतका लहान, इतका झिजलेला हा शब्द, की त्याच्या आत वचन आहे हे आपण विसरूनही गेलो आहोत. आतल्या वचनाची आठवण ठेवणारी माणसे फार थोडी. त्यातली दोन माझ्या ओळखीची निघावीत, हे माझे भाग्य म्हणायचे.

गेल्या फाल्गुनात वाडीची कामे उरकायला मी रेवदंड्यास गेले होते. दुसऱ्या दिवशी आत्याकडे, बोर्ली पंचतनला जाण्याचा बेत होता. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन तिकडे गेली, तिकडेच म्हातारी झाली. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मुले नोकऱ्यांच्या गावी, आणि ही एकटी पोफळीच्या वाडीत राज्य करते. काकाही तोवर एकटेच उरले होते. काकूंनी संसार नेटका केला, मुलाला शिकवले आणि एके दिवशी कसलाही गाजावाजा न करता डोळे मिटले. त्यांच्याविषयी काका नेहमी आदराने बोलत. मी ओट्यावर टेकले तेव्हा ते बुटांवर फडके फिरवत होते. हात आता सुरकुतला होता, पण लय तीच होती.

"तुझी आत्या बोर्लीलाच असते ना अजून?" त्यांनी बुटाकडे पाहतच विचारले.

"हो."

"बरी असते?"

"गुडघे दुखतात. जीभ शाबूत आहे."

काका हसले. "जीभ पहिल्यापासून शाबूत होती." मग त्यांनी दुसरा बूट हातात घेतला. "उद्या जाणार हायस म्हणं."

"हो. सकाळी."

"गाडीत जागा हाय का?"

सकाळी ते ओट्यावर तयार बसले होते. पांढरा सदरा, दाढी घोटलेली, आणि पायांत बूट. इतक्या वर्षांत ते बूट पायांत असलेले मी प्रथमच पाहत होते. गाडीत ते पाठ न टेकता बसले, जणू कुणी तपासणीला येणार आहे.

साळावचा पूल लागला. खाली खाडीचे पाणी ओहोटीच्या ओढीने समुद्राकडे चालले होते आणि उघड्या पडलेल्या चिखलातून तो ओला, शेवाळी, लोहासारखा वास वर येत होता. "हा पूल न्हवता तवा," काका म्हणाले. "होडीनं जायचो पलीकडं."

"धावायच्या सरावाला?"

"कसला सराव. पलीकडं माडी चांगली मिळायची."

काशीदला सुरूच्या बनाखाली गाड्यांची रांग लागली होती. उंटावर बसलेले एक कुटुंब स्वतःचे फोटो काढत होते; वाळूत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भुट्ट्याचा धूर. काका खिडकीतून पाहत राहिले. "हितं दुपारचा माणूस दिसायचा न्हाय," ते म्हणाले, आणि मग, काशीदचेच काही सांगत असावेत अशा सुरात, "शहाळं पिऊया. जरा थांबव."

शहाळेवालीने कोयता उचलत विचारले, "आजोबा, पाण्याचं देऊ की मलईचं?"

"दात हायत अजून. मलईचं दे."

"मग आजीला घेऊन यायचं होतं. एकट्यानं मलई खाता?"

काका तिच्या विनोदावर हसले नाहीत. नळी बाजूला ठेवून त्यांनी शहाळे तोंडाला लावले, सदऱ्यावर एक थेंब सांडू न देता प्यायले, आणि सुरूच्या खोडाला टेकून मला ती गोष्ट सांगितली. मी ती त्यांच्याइतक्या थोडक्यात सांगू शकणार नाही.

तरुणपणी माझ्या आत्याचे आणि त्यांचे मन जुळले होते. आमच्या आजोबांना त्याची कुणकुण होती आणि त्यांनी ते तोडले नव्हते. ते एवढेच म्हणाले होते, "हाताला काम लागू दे, मग बोलू." ऐकताना मला प्रथम आश्चर्य वाटले आणि मग वाईट, कारण अशा गोष्टींत आपण एखादा कठोर बाप, एखादी आडवी भिंत शोधतो. इथे भिंत होती ती एवढीच, जिच्यावर काका बसून पत्ते खेळत होते. एकेक भरती चुकत गेली. आत्याने आलेली स्थळे काही ना काही खोट काढून परतवली. अखेर काका फौजेत घेतले गेले, आजोबांशी बोलायला सवड मिळण्याआधीच निघण्याचा दिवस ठरला, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी वाडीच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणाच्या आडोशाला, आत्या त्यांना म्हणाली, की उद्या मी स्टँडवर नारळाचं पोतं एसटीत चढवायला येईन. चारचौघांत माझ्याशी काही बोलू नकोस, बघूही नकोस. गाडीत चढताना नुसतं 'येतो' म्हण. सगळेच म्हणतात, कुणाला काही कळायचं नाही. मी समजेन, आणि मी थांबेन.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर अख्खे टोळके पोचवायला आले होते. आत्या पोत्यापाशी उभी होती. टोळक्यातल्या कुणाला तरी काय जाणवले कोण जाणे, गाडी सुरू झाली तसा एक जण ओरडला, "बघा रे, नवरा निघाला! आता नवरीला येतो बोलंल!" सगळे हसले. आयुष्यभर ज्यांना हसवले, ते त्यांच्यावर हसत होते. काकांनी पायरीवरून वळून, छाती काढून, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असे म्हटले, "जातो!"

हशा झाला. शिट्ट्या झाल्या. गाडी निघाली.

"मला वाटलं, मस्करी हाय, तिला कळंल," काका म्हणाले. रिकामे शहाळे अजून त्यांच्या हातात होते. "पहिल्या सुट्टीत सांगू, असं झालं, तसं झालं."

"पत्र लिहायचं."

"तुझ्या आज्याच्या हातात पडलं असतं. तिच्यावर बालंट." त्यांनी शहाळे वाळूत ठेवले. "पहिली सुट्टी मिळाली तवा तुमच्या वाडीतला मांडव उतरवून झाला होता."

मग त्यांनी ते सांगितले, जे मी त्यानंतर रोज कधी ना कधी आठवले आहे. म्हणाले, "फौजेत रातच्याला परवलीचा शब्द असतो. रोज बदलतो. पहाऱ्यावरचा इचारतो, कोण हाय? बरोबर शब्द बोलला तर आत. चुकला तर तू किती बी ओळखीचा अस, बंदूक रोखलेलीच. मी पहाऱ्यावर उभा असायचो ना, थंडीत, तवा एकेक जण यायचा, शब्द सांगायचा, आत जायचा. मी मनात म्हणायचो, बघ, ह्यांना रोज नवा शब्द ध्यानात राहतो. तुला एक दिला होता. तुझ्याच भाषेतला."

बर्फाविषयी, सीमेविषयी विचारले की 'थंडी होती' एवढेच सांगणारा माणूस त्या थंडीत काय करत होता, हे मला त्या सुरूच्या सावलीत कळले. आणि उंबऱ्यावरचे त्यांचे मौनही. तो शब्द ज्या ठिकाणी द्यायचा होता तिथे दिला नाही, म्हणून पुढे आईलाही दिला नाही, आम्हा पोरांच्या 'येते'लाही त्याचे उत्तर दिले नाही. एका चुकलेल्या उच्चारासाठी एवढी शिक्षा कुठल्या कोर्टाने केली नसती. ती त्यांनी स्वतःला केली आणि कुणाला कळू न देता भोगली.

आगरदांड्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवली. डिझेलचा धूर, भिजलेल्या दोरखंडाचा वास, लोखंडी तळावर आपटणाऱ्या पाण्याचा घुमा आवाज; दूर समुद्रात जंजिऱ्याची काळसर रेघ. काका कठड्याशी उभे राहून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मी जवळ गेले नाही. पाठांतराच्या वेळी मुलांना एकटे सोडावे, तसे त्यांना सोडले. त्यांना काय हवे होते ते आता मला ठाऊक होते. तारुण्य परत मागायला ते निघाले नव्हते, आत्या मागायलाही नव्हे. एक शब्द मागे घ्यायचा होता आणि एक द्यायचा होता. तो घेतला जाईल की नाही, एवढाच प्रश्न होता.

आत्या अंगणात वाळलेली सुपारी सोलत बसली होती. एका बाजूला सोललेल्या सुपारीची रास, दुसऱ्या बाजूला तपकिरी, केसाळ सालींची. उन्हात तापलेल्या सालींचा आंबूस-तुरट वास अंगणभर. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले. हातातली सुपारी तशीच राहिली, पण क्षणभरच.

"या, सुभेदार," ती म्हणाली. "बसा. बूट बाहेर काढा. तुमच्या फौजेत चालत असतील घरात, इथे नाही चालत."

काका पायरीवर बसून नाड्या सोडू लागले. गाठ सुटत नव्हती. मी पुढे होणार तोच आत्याने डोळ्यांनी मला थांबवले. बूट निघाले. तिने ते पाहिले, त्यांची चमक पाहिली. मग पोहे झाले, कोकमाचे सरबत झाले, रस्त्याचे खड्डे, गुडघे, माकडांचा उच्छाद, मुलांचे फोन यांच्यावर बोलणे झाले. आत्या सगळा वेळ त्यांना अहो-जाहो करत होती, इतक्या नेटकेपणाने, की त्या आदराला धार आल्यासारखी वाटे. काका तिच्यासमोर बसून सुपारी सोलू लागले होते. मी ओटीवर पाठ टेकून डोळे मिटून घेतले, पण झोप आली नव्हती, आणि ते दोघांनाही माहीत होते.

"त्या दिवशी स्टँडवर," काका म्हणाले.

"साली त्या पाटीत टाका. खाली नको."

साली पाटीत पडल्याचा आवाज आला.

"मी चुकीचा शब्द बोललो."

"चुकीचा कुठे? जातो म्हणालात, गेलात. एवढा खरा शब्द तर मी कुणाचा ऐकला नाही."

"ती पोरं हसत होती..."

"ऐकलं मी. कोण कोण हसत होतं तेही सांगते, नावानिशी."

काकांनी आणखी दोन सुपाऱ्या सोलल्या. मग काका हलक्या आवाजात म्हणाले, "त्यातला एक बी उरला न्हाय आता."

"मग आता कोणाला भिता?" आत्या म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत. पोफळीच्या शेंड्यातून वारा वाहिला की झावळ्यांचा जो कोरडा, कुजबुजता आवाज होतो, तो त्या दुपारी मी पहिल्यांदा नीट ऐकला. मला वाटले, माणसाच्या तारुण्यातला केवढा तरी भाग अशा हसण्याच्या धाकात जातो. ज्यांच्यासाठी आपण छाती काढून खोटे बोलतो, ते सोबती एकेक करून उठून जातात, तट ढासळून त्यावर गवत येते, आणि तो हशा मात्र आपल्या एकट्याच्या कानात उरतो. त्याला घाबरायची सवय सुटत नाही. ज्यांची उमेदीची वर्षे वाया गेली असे आपण म्हणतो, त्यांची ती वर्षे बहुधा अशीच गेलेली असतात. फार मोठ्या पापात नव्हे. दुसऱ्यांच्या हसण्यात.

उन्हे कलल्यावर आम्ही निघालो. शेवटच्या फेरीच्या आधी धक्का गाठायचा होता. काकांनी पायरीवर बसून बूट घातले. या वेळी नाड्या पहिल्या फटक्यात बांधल्या. ते उभे राहिले, सदरा ओढून सारखा केला, अंगण ओलांडून बेड्याशी, कुंपणाच्या फाटकाशी, गेले आणि वळले. आत्या ओटीच्या खांबाला धरून उभी होती. मी गाडीचे दार उघडे धरून तशीच थांबले.

"येतो," काका म्हणाले. आवाज इतका लहान होता, की तो त्यांचा वाटला नाही.

"मोठ्यानं बोल," आत्या म्हणाली. "इथे हसायला कुणी नाही."

दिवसभराचे अहो-जाहो तिने कधी आणि कुठे उतरवून ठेवले, ते मला दिसलेसुद्धा नाही.

"येतो!" काका म्हणाले. स्टँडवरच्या त्या हाकेइतके मोठ्याने असावे. मी ती ऐकली नव्हती, पण शेजारच्या वाडीतले कुत्रे भुंकले.

आत्या खाली वाकली, सालींची पाटी कमरेवर घेतली आणि मागल्या दाराकडे वळली. त्या शब्दाला जे एकाक्षरी उत्तर द्यायचे असते, ते तिने दिले नाही.

फेरीबोटीवर काका पुन्हा कठड्याशी जाऊन उभे राहिले. पाणी तांबूस झाले होते. मग स्वतःशीच मान हलवून म्हणाले, "ती 'ये' न्हाय बोलली."

"नाही."

"बरोबर हाय. ती इचार करून बोलते."

आणि ते हसले. गालांच्या सुरकुत्यांमधून तटावरचा तो पोरगा क्षणभर डोकावून गेला. गाडीत त्यांनी त्या दिवसात प्रथमच पाठ टेकली आणि काशीदच्या आधीच त्यांना झोप लागली.

त्यानंतर फोनवर बोलणे झाले की ते विचारत, "पाऊस उघडला की जायचं ना बोर्लीला?" मी हो म्हणे, आणि तसे ठरलेही होते. पण पावसाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला तो हटला नाही. दिवाळीत मी त्यांना भेटले तेव्हा ते खाटेवर होते, बोलताना धाप लागे. खाटेखाली बूट होते. शेजारणीकडून आता ते पॉलिश करून घेत आणि तिने नीट केले नाही म्हणून तिच्यावर चिडत. निघताना मी म्हटले, "येते काका." ते सवयीने 'सांभाळून' म्हणतील असे वाटले होते. त्यांनी हात वर केला आणि म्हटले, "ये." एवढ्या वर्षांत प्रथमच. मार्गशीर्षात ते गेले. मुलगा आला, सारे रीतीप्रमाणे झाले. त्या गर्दीत खाटेखालचे बूट कुणीतरी उचलून कोनाड्यात ठेवले होते, टाचा जुळवून.

ही बातमी फोनवर देण्याजोगी नव्हती. मी एकटीच गाडी काढून निघाले. साळावचा पूल, काशीदचे सुरू, आगरदांड्याचा धक्का. तीच वाट, शेजारची जागा रिकामी. वाटेत मी मनाशी वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वेळी एकाच क्रियापदाशी येऊन अडखळत होते. मृत्यूसाठीही आपल्या भाषेने तेच वापरले आहे. ज्या शब्दाने एकदा तिच्या आयुष्याची दिशा बदलली, तोच घेऊन मी पुन्हा तिच्या अंगणात चालले होते, फक्त काळ बदलून. त्याच्या भोवती दुसरा एखादा सौम्य शब्द गुंडाळता येईल का, हे कवितेच्या साऱ्या शिदोरीतून शोधले. मिळाला नाही. काही शब्द नागवेच न्यावे लागतात.

आत्याच्या अंगणात नवी सुपारी वाळत घातली होती. झाडावरून नुकतीच उतरवलेली, केशरी-पिवळी, ओली. सगळे अंगण जणू पेटत्या निखाऱ्यांनी सारवले होते. फाल्गुनातल्या त्या तपकिरी, सुकलेल्या राशी कुठे आणि हा रंग कुठे. आणि तरी तीच ती सुपारी, उन्हाने आणि दिवसांनी तशी होणारी. आत्या कडेला बसून खराब फळे निवडून बाजूला काढत होती. मला एकटीला पाहून ती माझ्या मागे पाहत राहिली, बेड्यापर्यंत आणि बेड्याच्या पलीकडे रस्त्यापर्यंत.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "आत्या," मी म्हटले, "फौजीकाका गेले."

तिचा हात थांबला. एक फळ तिने उचलले, उन्हाकडे धरून फिरवून पाहिले, आणि चांगल्या फळांत ठेवले. वारा पोफळींवरून गेला. कुणी काही विचारले नव्हते तरी उत्तर द्यावे तशी, रस्त्यावरची नजर न काढता, ती मला म्हणाली,

"येईल."